मुंगी चावल्याचा विलाप

डॉक्टर वगदींच्या दवाखान्यात अकरा वर्षांत एकाही बाईला दुखलेलं नाही. कागदावर तसं आहे. चिमटा-कात्री आवरली की डॉक्टर मान खाली घालून विचारतात, "कसं वाटतंय?" आणि आमच्या गिर्गा गावची बाई, मग तिचं घर जळत का असेना, एकच उत्तर देते, "अल्हम्दुलिल्लाह," देवाची कृपा. देवाकडे देवाची तक्रार कोण करतं? डॉक्टर लिहितात, 'वेदना: नाही.'

खरं काय ते माझ्या मनगटाला विचारा. मी इन्साफ, इथली नर्स. टेबलावरच्या बाईचा हात धरायचं काम माझं. तिच्या नखांची एक चंद्रकोर माझ्या कातडीवर मावळते न मावळते, तोच दुसरी उगवते.

त्या रविवारी बहिय्यामावशी आली. मयताच्या घरी विलाप गाणारी. ती ओळ घालते, बाया उचलतात. तिच्यावाचून नाईलच्या या काठावर कुणी नीट मेलेलं नाही. पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आणि आता पुन्हा रक्त. आजार वाईट की साधा, हे गर्भाशयाचा छोटा तुकडा तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. मागच्या महिन्यात तो काढताना ती कळवळून उठली, तुकडा अपुरा पडला. फाइलीत मात्र, 'वेदना: नाही.'

"डॉक्टर, आधी भूल दे. नाहीतर आले तशी जाते."

"मावशी, मुंगी चावल्यासारखं असतं. दोन मिनिटं."

"तुला चावलीय ही मुंगी?"

मला हसू आलं. मी खोकले.

"मागं विचारलं तेव्हा तूच म्हणालीस ना, अल्हम्दुलिल्लाह?"

"मग काय म्हणू? अल्ला, तुझं चुकलं?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बाहेर नऊ बाया बसल्यात. भूल देत बसलो तर संध्याकाळ होईल. झोप बरं, शहाणी माझी ती."

शहाणी माझी ती! साठी उलटलेल्या बाईला!

मावशी टेबलावर बसली, पण आडवी झाली नाही. "बरं. किती दुखतं ते तुला माझ्या भाषेत सांगते." तिनं डोक्यावरची काळी ओढणी सोडली, टोक धरून हवेत फिरवली आणि आवाज लावला:

"उंच खजुराचं झाड, कुणी तोडिलं मुळाशी,
माझा वगदी गं गेला, सुया ठेवून उशाशी…"

बाहेरच्या बायांना कोण गेलं ते ठाऊक नव्हतं. पण बहिय्याची ओळ आली की पुढची उचलायची, हे हाडात मुरलेलं. भिंतीपलीकडून नऊ गळ्यांचा हंबरडा उठला, "हाय गं माझ्या वगदी!"

डॉक्टर कैरोत शिकले, पण जन्म इथलाच. विलापात जिवंताचं नाव आलं की ते मरणाच्या कानी पडतं, हे आजीनं त्यांना दुधाबरोबर पाजलेलं. चेहरा चुन्यासारखा झाला. "मावशी! अगं, मी जिवंत आहे! नाव तरी घेऊ नकोस!"

"का रे? मुंगीच तर आहे." मावशीनं पुढची ओळ घातली:

"त्याच्या आईला सांगा, मुंगी चावली लेकाला,
कशी मुंगी गं ही बाई, चौघे लागले न्यायला…"

"पुरे! इन्साफ, भूल काढ! आधी भूल!"

भूल चढायला दहा मिनिटं लागली. एवढ्यात संध्याकाळ काही झाली नाही. तुकडा या खेपेला पुरेसा आला. मावशीनं माझा हात सैलच धरला होता, लग्नात नवरीचा धरतात तसा.

"कसं वाटलं?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह." या वेळी ते खरोखर देवासाठी होतं.

डॉक्टरांनी लिहिलं, 'वेदना: नाही.' अकरा वर्षांत कागद पहिल्यांदा खरं बोलला.

पुढची पोर आत आली, पांढरीफटक, ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "घाबरू नकोस, अगदी मुंगी…"

दाराबाहेर मावशी चपला घालत होती. तिनं नुसता घसा खाकरला.

"इन्साफ," डॉक्टर हळूच म्हणाले, "भूल काढ."