पपईवरचं लिंबू

पहिलं लिंबू बरोबर मधोमध कापलं गेलं. दुसरंही कापलं गेलं, पण त्याच्याबरोबर खालची पपईसुद्धा. चंपतरावांनी तलवार भिंतीला टेकवली आणि पपई उजेडात धरली. हिरव्या सालीवर बोटभर चीर पडली होती आणि तिच्यातून पांढरा चीक गळत होता.

"झाली का आजची भाजी?" परसदारातून सुभद्राबाईंनी विचारलं.

आठवडाभर त्या घरात कच्च्या पपईचीच भाजी होती. लिंबू कापायचा सराव पपईवर करायचा, ही चंपतरावांच्या बोथ गावाकडच्या तालमीतली रीत. पपईची साल माणसाच्या तळव्याइतकी नाजूक. लिंबाचे दोन तुकडे व्हावेत आणि सालीवर ओरखडासुद्धा उठू नये. हे जमलं की वस्ताद म्हणायचा, आता हातावर ठेव. चंपतरावांना ते विशीतच जमलं होतं आणि तेव्हापासून त्यांची पपई कधी खराब झाली नव्हती. भाजी करायची वेळ या वर्षीच आली.

"हात दाखवा बरं."

"त्याच्यात काय पाहाचं?"

"दाखवा म्हनते ना."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं उकळत्या भातावरच्या झाकणासारखी थरथरत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे कमी होईल, पण जाणार नाही, असंही स्पष्ट सांगितलं होतं.

"आज ह्याच हातानं त्या पोरीच्या हातावरचं लिंबू कापान तुमी? काऊन सांगून नाही राह्यले जयदीपले?"

"सांगतो."

"कवा? तिचा हात कापल्यावर?"

चंपतराव तलवार पुसायला लागले. बायको खरं बोलली की गप्प बसायचं, हे संसारात शिकलेलं शहाणपण त्यांच्याजवळ भरपूर होतं. त्याचा उपयोग मात्र कधी झाला नव्हता.

चंपतराव तहसीलमधून अटेंडर म्हणून निवृत्त झाल्यावर जयदीपनं त्यांना आदिलाबादच्या आपल्या ट्रेनिंग सेंटरवर बोलावून घेतलं होतं. एकाच पत्र्याच्या हॉलमध्ये सोमवारी कराटे, मंगळवारी ज्युडो, मग तायक्वांदो, मग किक-बॉक्सिंग. पोरं आठवड्यातून चार वेळा कपडे आणि चार वेळा नमस्काराची पद्धत बदलायची. शनिवारी लाठी-तलवार. तेलुगू बोर्डावर तिचं नाव 'कर्रा सामू' होतं आणि ते सगळ्यांत खाली, रंग संपत आल्यावर लिहिल्यासारखं दिसायचं. पण वार्षिक कार्यक्रमात लोक थांबायचे ते चंपतरावांच्या लिंबासाठी. डोळ्यांवर पट्टी बांधून, पोराच्या उघड्या तळव्यावरचं लिंबू. कराटेवाले कौलं फोडायचे, पण कौलाला रक्त नसतं.

गेली चार वर्षं तळवा चैत्रालीचा होता. बारावीतली, अंगानं काटकुळी, कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणाऱ्या सुधाकररावांची ही मुलगी तलवारीत सगळ्या पोरांना भारी होती. पपईवर तीही न चुकता कापायची. माणसावर तिनं कधी कापलं नव्हतं, कारण माणसावर फक्त वस्ताद कापतो.

संध्याकाळी चंपतराव सांगायच्या तयारीनंच निघाले. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. हॉलबाहेर जयदीप एका हातानं पाहुण्यांना खुर्च्या दाखवत होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर कोणाला तरी तेलुगूत झापत होता.

"जयदीप, एक बोलाचं होतं."

"वस्ताद! बोला ना. अरे, ते मॅट सरळ करा रे! पाहा वस्ताद, मागच्या वर्षीचा विडिओ पाहून इंद्रवेल्लीवरून लोकं आले. बोला, काय म्हनत होते?"

"काही नाही. पानी ठेवलं का पोराईले?"

"ठेवलं ना," म्हणत जयदीप पुढे गेला. जुळवलेलं वाक्य चंपतरावांजवळच राहिलं. त्यांना स्वतःचा राग आला. चांगला दणदणीत राग आला, पण तो जयदीपपर्यंत काही पोचला नाही.

तेवढ्यात सुधाकरराव भेटले. हात जोडून म्हणाले, "चैत्रीच्या मायले लय भेव वाटते. मी म्हनलं, वस्ताद हायेत, आपल्याले कायचं भेव?" आणि निर्धास्त मनानं दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्याच्या विश्वासाचं ओझं असं असतं की ते खाली ठेवायला जागाच मिळत नाही.

चैत्राली मागच्या खोलीत लिंबांची बुडं चपटी कापत होती, म्हणजे तळव्यावर गडगडत नाहीत. तिनं हात पुढे केला. तळव्यावर गर्द मेंदी रंगली होती.

"आईनं काढली. विडिओत चांगली दिसते म्हने."

चंपतराव त्या लाल तळव्याकडे पाहत राहिले. खरंच लागलं, तर या रंगात पहिला थेंब दिसणारही नाही.

"चैत्राली, तुले भेव वाटते का?"

"तुमच्या हाताचं? नाही."

कार्यक्रम सुरू झाला. कौलं फुटली. ज्युडोच्या पोरांनी एकमेकांना धबाधब आपटलं, तायक्वांदोवाल्यांनी हवेत लाथा मारल्या आणि किक-बॉक्सिंगच्या वेळी तर गाण्याच्या आवाजानं पत्रे हादरले. चंपतराव पडद्यामागे उभं राहून डाव्या हातानं उजवं मनगट दाबत होते. दाबलं की थरथर थांबायची आणि सोडलं की दुपटीनं यायची. आयुष्यभर हुकूम ऐकलेला हात आता सरकारी फायलीसारखा आपल्याच मर्जीनं हलत होता.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. चैत्राली मॅटवर गुडघे टेकून बसली, हात लांब केला, लिंबू ठेवलं. एकानं चंपतरावांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

अंधारात त्यांनी तलवार उचलली. पट्टीआड दुसरं काहीच नव्हतं, फक्त तो हात होता. पात्याचं टोक हवेत हलत असल्याचं त्यांना खांद्यापर्यंत कळत होतं. त्यांना मेंदीचा तळवा दिसला, पपईतून गळणारा चीक दिसला, दुसऱ्या रांगेतले सुधाकरराव दिसले.

त्यांनी तलवार खाली घेतली आणि पट्टी सोडली.

"ऊठ, चैत्राली."

"काय झालं, वस्ताद?"

"पाहा माहा हात." त्यांनी तो तिच्यासमोर धरला. तिनं पाहिलं. तिचं तोंड उतरलं.

"आज तू काप," ते हळूच म्हणाले. "लिंबू मी धरतो."

"पपईवर येते मले. मानसावर कधी..."

"मले पपईच समज."

त्यांनी लिंबू तळव्यावर घेतलं. ते बुडावर चपटं असूनही नाचलं, नाचलं आणि मॅटवर पडलं. डावा हात पुढे केला, तोही काही धड नव्हता. पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. ते हसणं चंपतरावांना तलवारीपेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी गुडघे टेकले, दोन्ही हात मॅटवर दाबून धरले आणि मान खाली घातली.

"मानीवर ठेव. मान नाही हालत माही."

हॉलमधलं हसू बंद झालं. चैत्राली त्यांच्याजवळ वाकली. "वस्ताद, नका ना."

"तुले जमत नसन तं आत्ताच सांग. लिंबू फेकून देऊ अन् घरी जाऊ. तुले कोनी काही म्हननार नाही, मी म्हनू देनार नाही."

तिनं मॅटवर पडलेलं लिंबू उचललं. मग म्हणाली, "पट्टी नाही बांधत मी."

"नको बांधू. डोये उघडे ठेव."

मानेवर लिंबाचा गार स्पर्श झाला. मागून जयदीपचा आवाज आला, "वस्ताद, हे काय करून राह्यले? चैत्राली, थांब!" दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. चंपतरावांना फक्त समोरची निळी मॅट दिसत होती. आयुष्यात त्यांनी कितीतरी पोरांना असं बसवलं होतं. खाली बसणाऱ्याला काय वाटतं, ते मात्र आज कळलं. इथं काहीच करता येत नाही. नुसतं वरच्या हातावर सोपवावं लागतं.

हवा कापली गेल्याचा आवाज झाला.

मानेवरून काहीतरी ओलं खाली उतरलं, कानामागून गालावर आलं आणि हनुवटीवरून टपकलं. चंपतरावांनी मॅटवरच्या थेंबाकडे पाहिलं. थेंबाला रंग नव्हता. लिंबाचा वास आला.

मग टाळ्या झाल्या. सुधाकरराव उभेच होते, टाळ्या वाजवायचं त्यांना सुचत नव्हतं. पुढच्या नाचाची पोरं पडद्याआड तयार होती आणि गाणंही सुरू झालं, पण चंपतरावांना काही उठता येईना. दोघं-तिघं धावले, तेव्हा त्यांनी मान हलवून त्यांना थांबवलं. जयदीपनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि हात वर करून गाणं बंद करायला लावलं. कोणीच त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही.

चैत्राली समोर बसून रडत होती. रडता रडताच तिनं ओढणीचं टोक ओढलं आणि पातं पुसायला घेतलं, कारण लिंबाच्या रसानं लोखंड काळं पडतं, ते लगेच पुसावं लागतं. चंपतराव गुडघ्यांवर बसूनच पाहत राहिले, ती मुठीपर्यंत पुसते की नाही ते.