दुधावरची बशी

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. पांढरी, काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला.

याकोबबाबांनी घोडेगावच्या बाजारात शेळी विकली, त्या दिवशी आम्ही घरी आलो. सहा कप, सहा बश्या. बाबा कपातून चहा कधीच प्यायले नाहीत. बशीत ओतायचा, फुंकर घालायची, मग फुर्रर्र! शेवटचा घोट मात्र नातीचा. "बाबा, माझा घोट!" म्हणत एंजेला माझ्यात नाक बुडवायची. एकदा तिच्याच हातून मी पडले आणि टवका उडाला. तेव्हापासून तिच्या ओठाला लागू नये म्हणून बाबा त्यावर अंगठा ठेवायचे.

पुढे बाबांना शुगर निघाली. चहा बंद! भावंडं एकेक करून फुटली. मी उरले, ती फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून. दोन वर्षं गारठ्यात काढली.

या उन्हाळ्यात एंजेलाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. सहा वर्षांची पोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, थंड द्या, मऊ द्या, पिणं थांबू देऊ नका. पण बाबांचा सगळा जन्म घशाला गरम देण्यात गेलेला. एंजेलाची आई मेरी औषधं आणायला गेली, तेवढ्यात त्यांनी कढत हळदीचं दूध, वर मिरपूड, ग्लासात भरून पोरीच्या तोंडाला लावलं.

एकच घोट. पोरीनं दोन्ही हातांनी गळा धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानंतर तोंड उघडेल तर शपथ! ग्लास दिसला की उशीत तोंड खुपसायची.

मेरीनं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही प्यायली नाही तर परत दाखल करा, सलाईन लावू. सुईचं ऐकून पोरीनं चादर डोक्यावर ओढली.

मेरी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी थंड सांगितलं हुतं ना?"

"व्हय गं. मला वाटलं, लई शिकल्याला मानूस, त्याला घरचं काय ठावं." बाबांची मान वर होईना.

दुपार कलली. मेरी दवाखान्याची पिशवी भरायला लागली. बाबांनी फ्रिज उघडला, पातेल्यावरून मला उचललं, धुतलं, आणि थंड दूध माझ्यात ओतलं. टवक्यावर अंगठा ठेवून खाटेवर बसले.

"एंजू, वाफ हाय का बघ. न्हाई ना? बोट घाल."

ग्लासातलं काही कळत नाही, मित्रांनो. बशीत सगळं उघडं असतं. पोरीनं बोट बुडवलं. ओठाला लावलं. बाबांनी नुसत्या हवेतच फुर्रर्र केलं.

"शेवटचा घोट कुनाचा गं?"

बोलवत नव्हतं तिला. तिनं बोट स्वतःकडे केलं आणि माझ्यात नाक बुडवलं. चेहरा आक्रसला. आणि गिळलं! गेलं पोटात!

बाबा डोळे पुसत हसले. मेरीनं पिशवी खाली ठेवली. "बाबा, हळद आनू का थोडी?"

"गप ए!"

दिवस मावळेपर्यंत सहा बश्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गार पेज, मग मऊ दूधभात, सगळं माझ्यातूनच. दहाव्या दिवशी घरात आवाज घुमला, "बाबा, माझा घोट!" घोगरा होता. पण काय गोड!

मित्रांनो, दुखणाऱ्या माणसाला माया द्याच, पण डॉक्टरांनी सांगितलेलं आधी ऐका. आणि घरातली जुनी भांडी जपा, कोण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. पातेल्याला आता दुसरं झाकण आहे. माझा टवका तसाच आहे. त्यावर बाबांचा अंगठा आहे.