पहिल्या टप्प्याखालचं पाणी

पहिल्या दिवशी गुंडा गाणं गुणगुणत पहिला टप्पा पार करून गेला, आणि सगळं बिनसायला सुरुवात तिथूनच झाली.

पाटणच्या वरच्या अंगाला, दोन डोंगरांच्या ओंजळीत धरल्यासारखा, धरणाची भिंत घालून अडवलेला एक तलाव आहे. वैशाखातही त्याचं पाणी हिरवंगार, गढूळ, आतलं काही न दाखवणारं. त्या पाण्यावर टीव्हीवरच्या ‘रणवाट’ स्पर्धेसाठी लोखंडी पाइपांचे मनोरे उभे राहिले होते. काठापासून खोल पाण्याकडं ओळीनं चार अडथळे : आधी तिरक्या फळ्या, मग गरगर फिरणारं लाकडी पिंप, मग दोरांची जाळी आणि सगळ्यात शेवटी झोका. झोक्यात एका हातानं दोर सोडायचा आणि अधांतरी दुसरा दोर पकडायचा. चुकला तो पाण्यात.

स्पर्धक येण्याआधी हे कुणीतरी करून बघायला हवं, म्हणून विट्याजवळच्या एका भरती अकॅडमीला फोन गेला. ती अकॅडमी सुभेदार मानसिंग जगदाळ्यांची. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस, वय छपन्न, पाठ अजून काठीसारखी सरळ. ते सोमवारी गुंडासकट आपली सहा पोरं घेऊन आले. येण्याचं आणखी एक कारण होतं. स्पर्धेतल्या वीसजणांत त्यांच्याच अकॅडमीची सोनम होती. आटपाडीकडच्या मेंढपाळाची पोर, पोलीस भरतीत दोनदा अर्ध्या अर्ध्या गुणानं राहिलेली. स्पर्धकांना गुरुवारच्या शूटिंगआधी अडथळ्यांजवळ फिरकायला बंदी होती. सुभेदारांना मात्र सगळं मोकळं.

“एक्केचाळीस सेकंद,” गुंडा चारही अडथळे ओलांडून आल्यावर दिग्विजय घड्याळ बघून म्हणाला. दिग्विजय पुण्याचा, तिशीतला. कुठला अडथळा किती अवघड ठेवायचा, हे ठरवणं हेच त्याचं काम. “काका, ही तर लहान मुलांची बाग झाली.”

“मग वो!” सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “आमच्या पोरांना ही म्हंजे घसरगुंडी.”

“सर, मागनं म्हस जरी सोडली तरी पलीकडं जाईल,” गुंडा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

कॅमेरा चालू होता. सुभेदारांचं वाक्य, मिशी, हसणं, सगळं त्यात गेलं.

मांडवाखाली चहा आणि भडंग घेऊन वाद बसला. दिग्विजयचं म्हणणं एकच : विसांतले दहा तरी पडले पाहिजेत, नाहीतर बघणारा पहिल्या पाच मिनिटांत दुसरीकडं जातो. पोरांचं म्हणणं वेगवेगळं. कुणी म्हणे पिंपाला तेल लावा, कुणी म्हणे फळ्या लांब करा. एकानं जाळीनं गुदगुल्या होतात म्हणून तक्रार केली, तर त्याच्या डोक्यात टपली पडली. सुभेदार मधोमध खुर्चीवर बसले होते, पंचासारखे.

“वाढवू ना काका?”

“वाढवा की. कुणाला सांगताय?”

मंगळवारी पिंपाला तेल लागलं, फळ्यांमधलं अंतर हातभर वाढलं. गुंडाला बावन्न सेकंद लागले. दोन पोरं टोकाच्या झोक्यावरून सुटली, धबाधबा खोल पाण्यात गेली आणि हसत, फुरफुरत, पडणाऱ्यांसाठी टोकाशी ठेवलेल्या होडीच्या कडेला लागली. अवघड किती यावर बोलायला सगळ्यांकडं तोंड होतं. पडण्यावर कुणी बोललंच नाही. पडलं तर खाली पाणी होतंच की.

त्याच दुपारी सोनम आली, आणि तिच्याबरोबर तिची आई, दगडाबाई. घरच्या माणसांना पिवळ्या दोरीच्या आत येऊ देत नव्हते. दगडाबाईनं कुणाशी हुज्जत घातली नाही. हिरवं लुगडं सावरत, काठी टेकत, ती दोरीबाहेरच काठावर करंजाच्या सावलीत जाऊन बसली. जन्म मेंढरांमागं गेलेला. दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाण्याची एक खोड असते. पाणी कुठं आहे, हे तो नंतर बघतो. आधी बघतो, ते काल कुठवर होतं. तिनं एक दगड उचलला आणि पाण्याच्या कडेशी, जिथं ओल संपते तिथं ठेवला. मग स्वतःशीच, मेंढरांना ऐकवावं तसं म्हणू लागली :

तळ्याच्या गं काठावरी
माझी मेंढरं पाणी पेती
मागं मागं सरं पाणी
तळचं धोंडं उघडं होती

लांबून ते सूर सुभेदारांच्या कानावर आले. त्यांना उगीचच अंगावर काटा आल्यासारखं झालं. वारा असेल, म्हणून त्यांनी शर्टाची गुंडी लावली.

बुधवारी दिग्विजयला नवीन सुचलं. “काका, सगळे पडतायत ते टोकाला. काठावरच्या कॅमेऱ्याला चेहरे दिसत नाहीत. झोका पहिला घेऊ. पहिल्या पावलालाच धक्का!”

सुभेदारांनी टोकाच्या झोक्याकडं बघितलं. “पहिल्या पावलाला अंग गार असतंय. हात तापल्याबिगर असला झोका...”

“म्हणजे अवघड आहे म्हणता?”

तो सरळ विचारत होता, टोमणा मारत नव्हता. पण सहा पोरं बघत होती. सोमवारपासून जे बोलून ठेवलं होतं, ते सुभेदारांच्या खांद्यावर येऊन बसलं.

“अवघड? ह्या! घ्या पहिला.”

दुपारपर्यंत मिस्त्र्यांनी झोका उचलून काठाकडच्या मनोऱ्यांवर आणला. मंगळवारी पडणारा जिथं पुरुषभराहून जास्त पाण्यात पडत होता, तिथं आता साधी जाळी गेली. होडीवाले मात्र सवयीनं टोकालाच थांबले. गुंडा झोका पार करून आला, पण हाताचे तळवे बघत उभा राहिला.

“सर, ह्यो जरा जडच हाय.”

“गप रं. दूध प्यालायस का ताक?”

गुंडानं तळवे चड्डीला पुसले. झोक्यावरून त्या दिवशी कुणी पडलं नाही, आणि म्हणून खाली काय आहे ते कुणाला कळलंही नाही.

गुरुवारी सकाळी लवकरच मांडवात माणसं भरली. मुंबईहून एक पाहुणी नटी आली होती आणि तिच्याकडं फक्त दोन तास होते. सगळे पळत होते. सुभेदार पिवळ्या दोरीजवळून जात असताना मागून हाक आली.

“आवं सुभेदार.”

दगडाबाई उभी होती. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

“काय, दगडाबाई? पोरीला आशीर्वाद दिला न्हवं?”

“दिला. पाणी चाललंय.”

“कुठं चाललंय?”

“ते मला काय ठावं? खाली कुणाच्या तरी रानात.” तिनं काठीनं दाखवलं. करंजाखालून पाण्याकडं दगडांची रांग उतरत गेली होती. मंगळवारचा दगड पार वर, कोरड्या भेगाळलेल्या मातीत. त्याखाली बुधवार सकाळचा, मग संध्याकाळचा. आणि आजचा तर कुठल्या कुठं खाली. “पाटाला पाणी सोडलंय धरणवाल्यांनी. रातचं ऐकत हुते मी. तळं गळतं तवा आवाज येतो.”

सुभेदारांनी कान दिला. खरंच, धरणाच्या भिंतीपलीकडून एक संथ, न थांबणारी घरघर येत होती. चार दिवस ती येतच असणार.

“आवं, पण एवढं मोठं तळं. हाय की पाणी.”

“टोकाला हाय. हितं न्हाई.” ती आवाज न चढवता बोलत होती, आणि तेच जास्त भीतीचं होतं. “पहाटं तोंड धुवायच्या निमतानं गेले हुते त्या झुल्याखाली. राखणदार झोपला हुता. काठी रवली. अर्धी सुदीक बुडली न्हाई. आन खाली चिखल न्हाई सुभेदार, खडक हाय. सपाट न्हाई, दातऱ्या.”

सुभेदारांनी मनोऱ्याकडं बघितलं. पाइपांवर पाण्याची सोमवारची रेघ दिसत होती, काळसर, गाळाची. आजचं पाणी तिच्या दोन हात खाली होतं. म्हणजे पडणारा उंचावरून पडणार, आणि थोड्याशा पाण्यात पडणार. सोनमचा बांधा, तिचं ते डोकं खाली घालून झेप घ्यायचं वळण त्यांच्या डोळ्यापुढं आलं. ते वळण त्यांनीच लावलं होतं.

“तुमचं ऐकतील,” दगडाबाई म्हणाली. “माझं कोन ऐकतंय?”

दिग्विजय कानाला फोन लावूनच भेटला.

“काका, आता? सोनमलाच पहिली सोडतोय, इथली मुलगी म्हणून. खूश ना?”

“झोका मागं घ्या. खाली पाणी न्हाई.”

“काय?”

“पाणी उतरलंय. खडक हाय खाली. एक बांबू आणा, मी दावतो.”

दिग्विजयनं टेबलावरचा कागद पुढं केला. त्यावर सही होती, शिक्का होता. “नऊ फूट. सोमवारी मोजलंय. हे बघा.”

“ते टोकाचं माप. झोका तवा टोकाला हुता. तुमीच हलवला न्हवं काल?”

“काका...” तो थकल्यासारखं हसला. “चार दिवस तुम्ही म्हणताय घसरगुंडी आहे. माझ्याकडं रेकॉर्ड आहे. आज तुमच्या पोरीची पाळी आली आणि लगेच अवघड झालं? बाकीच्या एकोणीस जणांना मी काय तोंड दाखवू?”

“पोरीचा संबंध न्हाई.”

“सर!”

सोनम मागं उभी होती. अंगात स्पर्धेचा लाल शर्ट, केस घट्ट बांधलेले, तळहात खडूनं पांढरे. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याहून वाईट असं काहीतरी होतं.

“तुमी मला कच्ची समजता व्हय? मैदानावर सगळ्यांपुढं म्हणायचा, ही माझी वाघीण. आन आज माझ्यासाठी टप्पा सोपा करा म्हणून हात जोडताय?”

“तसं न्हाई गं बाळ. तुझ्या आईनं...”

“आईला समदीकडंच पाणी आटल्यालं दिसतं. जन्मभर तेच बघितलंय तिनं. तिसऱ्यांदा नगं सर. दोनदा राहिलेय मी.”

भोंग्यातून तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती वळून शिडीकडं चालू लागली.

सुभेदार उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की, ते खरं बोलत होते आणि त्यांच्या शब्दाला कवडीचं वजन नव्हतं. ते वजन त्यांनीच चार दिवस मुठीमुठीनं उधळलं होतं. त्यांनी पायातले बूट काढले.

“दिग्विजय साहेब, सोपं हाय म्हणणारा सुभेदार आधी सोताच करून दावतो की. घ्या कॅमेऱ्यात.”

दिग्विजयचा चेहरा उजळला. छपन्न वर्षांचा फौजी, पहिल्याच फेरीआधी! “रोल करा, रोल करा!” तो ओरडला. सोनमला शिडीवरून बाजूला घेतलं. तिच्याजवळून वर चढताना सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं नाही.

वर गेल्यावर पाणी अगदी निरागस दिसत होतं. हिरवं, गढूळ, गप्प. त्यांनी दोर धरला आणि झेप घेतली. वारा कानाशी आला. पुढचा दोर आला. आणि त्यांच्या डाव्या हातानं तो पकडला.

पडायचं होतं, पण हाताला ते माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या हाताला एकच शिकवलं होतं, सोडायचं नाही. खाली पोरं टाळ्या वाजवत होती. “सर, सर, सर!” आणखी एक हेलकावा, आणि ते पलीकडच्या फळीवर असते. मग सोपं ते सोपंच ठरलं असतं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं, परक्या माणसाकडं बघावं तसं, आणि एकेक करून ती उघडली.

पाणी लागलं न लागलं तोच तळ लागला. डाव्या घोट्यातून कडकन काहीतरी डोक्यापर्यंत गेलं. तोंड पाण्याखाली गेलं, हात खडकावर घासले. मग ते धडपडत उभे राहिले. उभे! पाणी बेंबीपर्यंत होतं.

मांडवातून आरोळी उठली. “पडले! सुभेदार पडले! वा!” दिग्विजय टाळ्या पिटत होता. त्याच्या पडद्यावर फक्त वरचा झोका आणि उडालेलं पाणी दिसलं होतं. भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला, “लेव्हल एकदम बरोबर आहे. काका, बाजूला व्हा. सोनम, पोझिशन घे.”

“उभा हाय मी!” सुभेदार ओरडले. “आरं, बघा की! उभा हाय!”

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. भोंगा पुन्हा म्हणाला, “काका, फ्रेममधून बाहेर या प्लीज.” बाहेर यायला पाऊल उचलेना. आणि उचललं असतं तरी ते हलणार नव्हते. झोक्याच्या बरोबर खाली, जिथं पडणारा पडेल तिथं, ते एका पायावर तोल सावरत उभे राहिले. धरणापलीकडची घरघर पाण्यातून त्यांच्या पोटाला जाणवत होती. पाणी त्यांच्या अंगावरूनही उतरत चाललं होतं, इतकं हळू की दिसू नये.

वरती फळीवर सोनम दोर हातात घेऊन आली. तिनं त्यांच्याकडं रागानं बघितलं. मग तिची नजर त्यांच्या पलीकडं गेली.

पिवळी दोरी ओलांडून दगडाबाई पाण्यात शिरली होती. राखणदार हाका मारत होता, ती थांबली नाही. तिला पोहता येत नव्हतं, हे सोनमला माहीत होतं. तिची आई चालत होती. मेंढरांमागं चालावं तशी, काठी टेकत, एकेक पाऊल, पार झोक्याखालपर्यंत. आणि पाणी तिच्या छातीशीसुद्धा आलं नाही. ती सुभेदारांपाशी पोचली, त्यांच्या काखेखाली आपला खांदा दिला आणि मान वर करून लेकीकडं बघितलं. 

शिट्टी वाजली. मोठ्या पडद्यावर सोनमच्या नावापुढचे आकडे पळू लागले. एक, दोन, तीन. मांडवातून दिग्विजय ओरडत होता, “जा! जा ना, वेळ जातोय!”

सोनमनं एकदा त्या पळणाऱ्या आकड्यांकडं बघितलं. मग ती खाली वाकली, हातातला दोर तिनं लोखंडी पाइपाभोवती दोनदा गुंडाळला आणि मागं येणाऱ्या कुणालाही सहज सुटू नये अशी, दात लावून, ओढून ओढून गाठ मारली.