पेन्सिलने लिहिलेला पेपर

इंग्रजीवाचून माणसाची प्रगती नाही, हे त्रिकालाबाधित सत्य कारखान्याच्या भांडाराच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. त्यातल्या ‘नाही’वर किल्ल्यांचा जुडगा लटकत असे, त्यामुळे भांडारपालाची अठ्ठावीस वर्षं निर्धास्त गेली.

मग मुख्य भांडारपाल निवृत्तीला आले. त्यांच्या खुर्चीसाठी पात्रतेची परीक्षा दरवर्षी होत असे: इंग्रजी वाक्यांतल्या शब्दांच्या जाती ओळखा, अर्थ लिहा. मागच्या दोन वर्षांत भांडारपाल तीत दोनदा आपटला होता. ही तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर बाहेरून कुणी कोवळा साहेब येणार आणि याला वॉशर म्हणजे काय ते समजावून सांगणार.

शिकवणी लेकीने घेतली. त्याने भांडारातून चार रिकामे ट्रे आणले आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: नाम, क्रियापद, विशेषण, किरकोळ. लेक एकेक शब्द कागदावर लिहून द्यायची, तो ट्रेमध्ये टाकायचा.

“बाबा, ‘स्लोली’ किरकोळमध्ये कसं?”

“ज्याला कप्पा नाही ते किरकोळ. जगाची रीत आहे.”

“मग मी कुठल्या कप्प्यात?” बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

“काचसामान. वर काही ठेवू नये.”

“आणि जपून उचलावं, तेही लिहा!”

लेकीने क्रियाविशेषणांसाठी पाचवा ट्रे मागवला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. परीक्षेच्या दिवशी त्याने एकही शब्द सोडला नाही. वर्गाबाहेर एक टंकलेखक पेन गळलं म्हणून शाईची बोटं पुसत होता. भांडारपालाने स्वतःची बोटं पाहिली. स्वच्छ होती. त्याने कानावर हात नेला. तिथे पेन्सिल होती.

भांडारात प्रत्येक नोंद आधी पेन्सिलने व्हायची. हेडक्लार्कने तपासून सही केली की मग शाईने. हात सवयीने चालला होता. आणि पेपरावर ठळक छापलेलं होतं: पेन्सिलने लिहिलेली उत्तरं तपासली जाणार नाहीत.

“अख्खा पेपर?” लेकीने विचारलं.

“नावसुद्धा.”

घरात चार दिवस कुणी ट्रेंना हात लावला नाही. पाचव्या दिवशी हेडक्लार्कने बोलावलं. पेपर तपासायला तोच होता.

“अहो, हे काय आहे?”

“कच्ची नोंद, साहेब. सही झाल्याशिवाय शाई लावायची नाही. तुमचीच सूचना, भांडाराच्या दारावर अजून चिकटवलेली आहे.”

हेडक्लार्कने डोकं खाजवलं. सूचनेखाली त्याची स्वतःची सही होती, आणि आपली सही खोटी पाडण्याइतका तो बेशिस्त नव्हता. त्याने पेपर तपासला. शंभरात एकाहत्तर. मग पेन पुढे केलं.

“बसा इथे. गिरवा.”

भांडारपालाने दोन तास गिरवलं. एवढं गोड गृहपाठाचं काम त्याने शाळेतही केलं नव्हतं. घरी लेकीने पाचही ट्रे धुऊन परत दिले आणि बायकोने चहात दोनदा साखर घातली. त्याने वर आणखी अर्धा कप मागितला.

नव्या खुर्चीपुढच्या टेबलाच्या खणात त्याला मुख्य कचेरीचं एक इंग्रजी पत्र सापडलं, पाकीट न फोडलेलं. नाम, क्रियापद करत त्याने ते अर्ध्या तासात लावलं. ही परीक्षा तीन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती.