सतरा मजल्यांवरचं पाणी

आमचे दाजी टॉवर क्रेन चालवतात. सतरा मजले उंचावर, काचेच्या केबिनमध्ये बसून. दोन टनांची लोखंडी तुळई ते अशी अलगद टेकवतात की धूळसुद्धा उडत नाही. मी त्यांचा मेहुणा, खाली उभा राहून वॉकीटॉकीवर इशारे देणारा. त्यामुळे थोडी फुशारकी मीही मारून घेतो.

दाजींची खोड मात्र एक वाईट. शिडी उतरायला पंधरा मिनिटं, चढायला त्याहून जास्त. लघवीसाठी एवढी उठाठेव कोण करणार? म्हणून दाजी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याला शिवतच नसत. ताईने भरून दिलेली बाटली संध्याकाळी फाटकाजवळच्या झाडाला जायची. मला ठाऊक होतं. पण मेहुण्याने चहाड्या करू नयेत, असली माझी अक्कल.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तुळई माझ्या डोक्यावर येऊन थांबली आणि वॉकीटॉकीवर दाजींचा आवाज आला, "डोळ्यांपुढे अंधारी येतेय. तू आधी बाजूला हो. मी ही खाली ठेवतो, पुढची उचलणार नाही."

शेजारी उभ्या असलेल्या साइटच्या इंजिनीअरने वॉकीटॉकी माझ्या हातातून हिसकावला. ही जागेवर लाव, नाहीतर उद्यापासून खुर्चीत दुसरा माणूस बसेल, असं तो बजावत होता. दाजींची वीस वर्षांची खुर्ची होती ती. तरी त्यांनी क्रेन बाजूला वळवली. तुळई मोकळ्या जमिनीवर अलगद आली. त्या अवस्थेतही धूळ उडाली नाही.

मग त्यांनी केबिनमधली बाटली घोट घोट करून संपवली, अर्ध्या तासाने खाली उतरले. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलं होतं, अजून तासभर काढला असता तर जागच्या जागी कोसळले असते. ताईला सगळं त्यांनी स्वतः सांगितलं. तिने आम्हा दोघांचीही चांगलीच खरडपट्टी काढली.

दुसरा माणूस काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता क्रेन थांबली आणि दाजी सगळ्यांसमोर सावकाश शिडी उतरले. काय बिघडलं, इंजिनीअरने घड्याळ बघत विचारलं.

"काही नाही, साहेब. लघवीला चाललोय, येताना बाटली भरून आणतो. रोज दोनदा उतरणार," दाजी शांतपणे म्हणाले. "खाली माणसं उभी असतात. त्यातला एक माझा मेहुणा आहे."