चिकटलेली शेवटची पानं

बालवाचनालयाच्या ताईंनी पुस्तक उजेडात धरलं. शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटवलेली. मागे पोहणाऱ्या बेडकाचं पुस्तक असंच सापडलं होतं, आता धावणाऱ्या मुलीचं. ज्या गोष्टीत कुणी मनापासून प्रयत्न करून शर्यत जिंकतं, तिचंच शेवटचं पान कुणीतरी चिकटवून टाकत होतं. तेही वाचनालयाच्याच पिठाच्या खळीनं. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद असायचा, त्याची निळसर झाक कडेला दिसत होती.

खळ शिजवायचं काम बाइंडरचं. मनात संशय शिरला की तो पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसत नाही, घरमालकासारखा सगळ्या खोल्या फिरून येतो. ताईंना त्याचं एकेक बोलणं आठवू लागलं. ही पुस्तकं शिवताना पुटपुटायचा, "पडली, उठली, पहिली आली. असं कुठं असतं का?"

"दादा, खळीचं भांडं कुणाकुणाच्या हाती लागतं?"

"माझ्या. नाहीतर तुमच्या." त्यानं सुईवरची नजर उचलली नाही. "का हो, झडती घ्यायचीय?"

"नुसतं विचारलं."

"नुसतं विचारणाऱ्यांचे डोळे असे नसतात, ताई."

झालं. ताईंनी जाऊन अध्यक्षांच्या कानावर घातलं, बाइंडर बदला. उद्याच सांगतो त्याला, अध्यक्ष म्हणाले. देवाचं नाव घेत ताई परतल्या, पण जीव काही थाऱ्यावर येईना.

बाइंडर जेवायला गेला होता. सतरंजीवर ताईंचा धाकटा भाऊ एकटाच बसलेला. मैदानावर मुलांना धावायला शिकवणारा, गळ्यात शिट्टी. हल्ली लेकीसाठी रोज पुस्तकं चाळायला यायचा, आणि ताई चारचौघांत त्याचं तोंडभरून कौतुक करायच्या. त्यांना पाहताच त्यानं पुस्तक झटकन मांडीखाली सारलं.

"बोटं दाखव."

"ताई, मी काय लहान आहे आता?"

"दाखव म्हणते ना."

बोटं निळसर होती.

"पोरगी गेल्या महिन्यात शर्यतीत शेवटची आली," तो खाली बघत म्हणाला. "जीव तोडून धावली गं, मी पाहिलंय. घरी हे पुस्तक वाचलं आणि विचारते, बाबा, मनापासून धावलं की पहिला नंबर येतो ना? मग मी मनापासून धावले नाही का? काय सांगू तिला? मैदानावर मीच सगळ्या पोरांना हेच ओरडून सांगतो."

ताईंचे डोळे भरून आले. पदरानं पुसले आणि त्या उठल्या. "रडू मागाहून. आधी अध्यक्षांकडे चल. तुझ्यापायी मी एका भल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते."

बाइंडर जेवून आला तेव्हा दोघं दारातच उभे होते. ताईंनी सगळं सांगितलं, अध्यक्षांकडे केलेली चहाडीसुद्धा. "आत्ता निस्तरून आले. चूक माझी, दादा."

त्यानं चपला काढून कडेला ठेवल्या. मग भावाला म्हणाला, "लेकीला काय सांगितलंत?"

"अजून काहीच नाही."

"सांगा की, जीव तोडून धावलीस म्हणून. आपण पाहिलेलं सांगायला काय जातं?"

त्यानं पाणी उकळायला ठेवलं. वाफेवर धरली की चिकटलेली पानं सुटतात. ताई मदतीला पुढे झाल्या, पण पुस्तक त्यानं भावाच्या हातात दिलं. ताईंशी मात्र तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.