रामनाथदादांची हजेरी

गुरुवारी जेवणाची सुट्टी झाली की तलासरीच्या बुचांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. कामगार तर असतच, पण सायवन-रानशेतहूनही माणसं टेम्पो करून येत. शटर वर केलेलं, आत तीन नंबरचं मशीन, त्याला झेंडूची माळ, आणि मशीनच्या डोक्यावर दिव्यांचा छोटा खांब. हिरवा पेटला की होकार, पिवळा पेटला की नकार. उत्तरं देत होते रामनाथदादा. ते चार महिन्यांपूर्वी याच मशीनपाशी काम करता करता हृदय बंद पडून गेले होते.

खोटं तरी कसं म्हणायचं? रोज सकाळी सातला मशीन सुरू झालं की भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांदेखत अक्षरं उमटत : मशीन ३, चालक रामनाथ, हजर.

लोकांचे प्रश्न दादांना विचारणारे दिवामहाराज उंबरगावकडून मोटारसायकलवर येत. माइक हातात घेऊन सांगत, "मोबाइलला टावर लागतो, भाई, आत्म्याला नाय लागत. आत्मा डायरेक. रोमिंग नाय, रिचार्ज नाय." लोक हसत आणि हसता हसता हात जोडत.

विनिता आज गर्दीच्या मागे उभी होती. रामनाथांची ती एकुलती एक मुलगी, डहाणूच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, लोखंडी कपाटाची किल्ली ऑफिसात परत करायला ती आली होती, आणि शक्यतो कुणाच्या नजरेला पडू नये असं तिला वाटत होतं. कारण तीन गुरुवारांपूर्वी तीही त्या मशीनपुढे बसली होती. 'आता पुरे झाली तुमची नोकरी' म्हणून तिने अण्णांशी वाद घातला होता, आणि नंतर ते जाईपर्यंत बापलेकीत बोलणं नव्हतं. "अण्णा, मला माफ केलंत?" असं तिने विचारलं. दिवा हिरवा झाला. ती सगळ्यांसमोर रडली. पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट झाली.

"बाई, बरं झालं आलात." बुचं निवडायला बसणारी भिकी आपल्या तुळशीला कडेवर घेऊन पुढे आली. पोर भिकीच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. "हिच्या गोळ्या बंद केल्यात मी."

"सिकलसेलच्या? रक्ताचा आजार तो, त्या तर रोज द्यायच्या असतात. कोणी सांगितलं बंद करायला?"

"दादांनीच. मागच्या गुरुवारी पिवळा लागला. आज पक्कं विचारणार."

विनिताने तुळशीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. "हिला ताप आहे, भिकी."

"हातपाय पण दुखतात बोलते. महाराज बोलले, आतलं बाहेर पडतंय."

"आधी दवाखान्यात ने. गोळ्या चालू कर."

भिकी तिच्याकडे बघत राहिली. "तुमचा बापूस नको बोलतो नि तुम्ही हो बोलता? बाई, तुम्ही रडल्यात म्हणून तर मी विचारलं. शिकलेली बाई उगाच कशाला रडेल?"

 विनिता मान खाली घालून जिना चढून ऑफिसात गेली.

काचेच्या केबिनमध्ये सुनिल कारकून कॉम्प्युटरपुढे बसला होता. किल्ली ठेवत तिने विचारलं, "अण्णांचं नाव अजून टीव्हीवर कसं येतं?"

सुनिल ओशाळला. "ताई, मशीनला चालकाचं नाव जोडलेलं असतं. मशीन चालू झालं की कॉम्प्युटर आपोआप हजेरी मांडतो. नाव काढायचं काम माझंच होतं. पण दादांनी मला इथे चिकटवलं. वर्षश्राद्ध व्हायच्या आधी त्यांचं नाव पुसायला हात धजला नाही."

एवढ्यात टेबलावरचा मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. सुनिलचा हात सवयीने माउसवर गेला. काचेपलीकडे, खाली मशीनचा दिवा हिरवा झाला. गर्दी हलली.

"सुनिल, हे काय होतं?"

त्याने माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी सगळी मशीनं तारेने ऑफिसला जोडली ना, ताई. ऑर्डर थांबवली की तिथे पिवळा लागतो, सोडली की हिरवा. ऑपरेटरला लांबून कळावं म्हणून. महाराजांचा माणूस खाली गर्दीत असतो. एक मिस कॉल म्हणजे हिरवा, दोन म्हणजे पिवळा. महाराज बोलले, लोकांना बरं वाटतं. तुम्हालाही वाटलं ना."

"माझ्या वेळी किती मिस कॉल आले?"

"एक."

काचेपलीकडे माइक घुमला. "रामनाथदादा, या पोरीला गोळ्या द्यायच्या का?" मोबाइल एकदा वाजून बंद झाला, पुन्हा वाजून बंद झाला.

"ऊठ," विनिता म्हणाली. ती त्याच्या खुर्चीत बसली. दिवा हिरवा होता, तो तिने तसाच ठेवला.

खाली सगळ्यांचे डोळे दिव्यावर. महाराज हसले. "दादा जेवले नाय वाटतं. परत विचारू."

पुन्हा दोनदा वाजला. दिवा हिरवाच राहिला.

"अमावास्या आडवी येते, भाई."

"अमावास्या परवाच झाली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

विनिताने केबिनचं दार उघडलं आणि भिकीला वर बोलावलं. काचेतून सगळ्यांना दिसेल असं तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, माउस हातात दिला. "इथे दाब." दिवा पिवळा झाला. "आता इथे." हिरवा. भिकीने आपणहून आणखी चारदा दाबलं. मग ती उठली, जिन्यावर येऊन खाली बघत म्हणाली, "दादा नाय. मीच लावते."

महाराजांना मोटारसायकलची किल्ली सापडेना. सुनिलने सगळ्यांसमोर, अडखळत, हजेरीचं आणि मिस कॉलचं सांगून टाकलं.

"बाई," भिकी विनिताकडे वळली, "मला कॉम्प्युटर माहीत नाय. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही का नाय विचारलं, दिवा कोण लावतं?"

विनिता जिन्यावरच उभी राहिली. आवाज चढवायची गरज नव्हती, सगळे ऐकत होते. "मला हवं होतं तेच उत्तर मिळालं. म्हणून ते कुठून आलं हे मी विचारलं नाही. अण्णांनी मला माफ केलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. पण माझ्या रडण्यावर भरवसा ठेवून भिकीने आजारी पोरीची गोळी बंद केली, ही लाज माझी आहे. मशीन ऑफिसशी बोलतं, मेलेल्या माणसाशी नाही. आवडेल तेच कोणी सांगायला लागलं, तर तेव्हाच जास्त चौकशी करा. मग सांगणारा महाराज असो की विज्ञानाची बाई."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण शटरबाहेर पडू लागला.

भिकीने तुळशीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "डहाणूची रिक्षा बोलवा. आणि तुम्ही पण चला, बाई. गोळ्या का बंद केल्या ते डॉक्टर विचारतील. ते तुम्ही सांगा."